चार लाखांचा सूर

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक खटला उभा राहिला आणि केवळ वयाच्या अधिकारानें न्यायाधीशाचें आसन माझ्याकडे आलें. फिर्यादी म्हणा, आरोपी म्हणा, तो माझा पुतण्या. वय वर्षें एकेचाळीस, धंदा संगणकाचा, पगार आम्हां जुन्या मास्तरांस ऐकूनच घाम फुटावा असा. घरांत गाणें ऐकण्यासाठीं घ्यावयाच्या यंत्रांची त्यानें एक यादी केली होती. आंकड्यांत सांठविलेल्या संगीताच्या पुन्हां विद्युत्‌लहरी करणारी पेटी रु. ६०,०००, ॲम्प्लिफायर रु. १,४५,०००, स्पीकरांची जोडी रु. १,४०,०००, या सर्वांस जोडणाऱ्या तारा रु. ३८,०००, आणि भिंतींतून येणारी वीज ‘शुद्ध’ करून घेणारी आणखी एक पेटी रु. २७,०००. एकूण चार लाख दहा हजार.

आमचें कुटुंब एकत्र आहे. तीन भावांचे संसार पुण्याच्या एका जुन्या पेठेंत एकाच छपराखालीं चालतात. आणि पन्नास हजारांवरचा खर्च, मग तो कोणाच्याहि पैशांतून होवो, रविवारीं जेवणानंतर सर्वांपुढें मांडावयाचा हा आमच्या वडिलांनीं घालून दिलेला दंडक अद्याप पाळला जातो. एरव्हीं अशी यादी पुढें आली असती तर हंशा पिकून विषय तेथेंच मिटला असता. या वेळीं कोणी हंसलें नाहीं. कारण यादी ठेवतांना पुतण्या एवढेंच म्हणाला, “काका, बाबांच्या कॅसेटी एकदां नीट ऐकायच्या आहेत.”

त्याचे बाबा म्हणजे माझे थोरले बंधु. ते २००९ सालीं गेले. जन्मभर त्यांनीं बँकेंत हिशेब लिहिले आणि जन्मभर गाणें शिकले. सभेंत ते कधीं गायले नाहींत. परंतु दर कोजागिरीस आमच्या माडीवर बैठक होई, व तींत मध्यरात्रीनंतर तंबोरा त्यांच्याकडे येई. अशा बैठकींच्या अकरा कॅसेटी घरांत आहेत. त्यांतील १९८६ सालच्या कोजागिरीचा बागेश्री घरांतल्या सर्वांच्या आठवणींत आहे. मात्र गेल्या कित्येक वर्षांत तो कोणी ऐकलेला नव्हता.

वहिनी कोपऱ्यांत वाती वळीत बसल्या होत्या. हें बोलणें चाललें असतां त्यांनीं मान वर केली नाहीं. मला तें दुःखाचें मौन वाटलें. तें तसें नव्हतें, हें कळावयास पुढें तीन आठवडे लागले.

मीं महिन्याची मुदत मागून घेतली. मी कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकवीत असें, म्हणून ध्वनीचें शास्त्र थोडेंबहुत जाणतों. आणि गाण्याचें वेड घराण्यांतच असल्यामुळें शास्त्रानें सर्व कांहीं संपतें असेंहि मानीत नाहीं. या महिन्यांत जें शोधलें, जें घरांतच करून पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें; कारण अशा याद्या हल्लीं अनेक घरांतून तयार होत असाव्यात.

प्रथम एक कबुली. आमच्या लहानपणीं घरांत चावीचा ग्रामोफोन होता. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी ती काळी तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपे. अब्दुल करीम खांसाहेब १९३७ सालीं निवर्तले; त्यांचा स्वर आम्हीं ऐकला तो या तबकडींतूनच, आणि तेवढ्यांत वडिलांचे डोळे भरून येत असत. यावरून पुष्कळ लोक असें अनुमान काढतात कीं, यंत्र कसेंहि असलें तरी चालतें. तें बरोबर नव्हे. त्या तबकडींत तंबोरा जवळजवळ ऐकूंच येत नसे. १९२५ सालापूर्वीं तर गवई कर्ण्यांत तोंड घालून गात, आणि दर सेकंदास दोन-अडीच हजारांवरचीं कंपनें मेणावर उमटतच नसत. मनुष्याचा तरुण कान वीस हजारांपर्यंत ऐकतो. तेव्हां आपण जें ऐकत होतों त्याहून जें गमावत होतों तेंच अधिक होतें. यंत्र सुधारलें, ही गोष्ट चांगलीच झाली. प्रश्न आहे तो असा कीं, आतां तें किती सुधारावयाचें राहिलें आहे, आणि नेमकें कोणत्या ठिकाणीं.

ध्वनीचा प्रवास घागरींनीं पाणी आणण्यासारखा आहे. विहीर म्हणजे मूळचें ध्वनिमुद्रण, मग वाटेंतल्या पेट्या व तारा, मग स्पीकर, मग खोली, आणि शेवटीं ज्याच्यासाठीं हा खटाटोप तो आपला कान. पुतण्याच्या यादींत विहिरीचें नांव नव्हतें, खोलीचें नव्हतें, कानाचें तर नव्हतेंच. दोन लाख सत्तर हजार रुपये वाटेंतल्या पेट्यांस व तारांस लावलेले होते.

तारांचा हिशेब मीं शाळकरी मुलीकडून करविला. भिंतींतून प्लगापर्यंत नेतात ती अडीच चौरस मिलीमीटर जाडीची तांब्याची साधी तार घेतली, आणि स्पीकर पांच मीटर दूर ठेवला, तर जातां-येतां दहा मीटर तारेचा विरोध एका ओमचा सुमारें चौदावा भाग भरतो. स्पीकरचा स्वतःचा विरोध आठ ओम. म्हणजे वाटेंत अडणारा अंश शेंकड्यास एकहि नाहीं. ही तार कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानांत मिळते, आणि तिला शुद्ध, अतिशुद्ध असे सोवळ्याचे प्रकार नाहींत. अडतीस हजार येथेंच वांचले. वीज शुद्ध करणाऱ्या पेटीसंबंधीं अधिक लिहीत नाहीं. बऱ्यापैकीं कोणताहि ॲम्प्लिफायर हें काम स्वतःच्या पोटांत करीत असतोच.

ॲम्प्लिफायरविषयीं मात्र वाद दांडगा आहे. अमेरिकेंतील ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ या मासिकानें १९८७ सालच्या जानेवारीच्या अंकांत एका प्रयोगाची हकीकत छापली. सव्वादोनशे डॉलरांच्या आंतल्या साध्या यंत्रापासून बारा हजार डॉलरांच्या जोडीपर्यंत निरनिराळे ॲम्प्लिफायर श्रोत्यांस ऐकविले. आवाजाची मात्रा काटेकोर सारखी ठेवली. व कोणतें यंत्र चालू आहे हें मात्र सांगितलें नाहीं. श्रोत्यांत या वस्तूंचे कट्टे भक्तहि होते. उत्तरें नाणें उडवून द्यावींत तशींच आलीं.

सीडीहून ‘उच्च’ दर्जाच्या ध्वनिमुद्रणाची गोष्ट थोडी निराळी आहे, म्हणून ती प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. १९८२ सालीं बाजारांत आलेली सीडी दर सेकंदास ४४,१०० वेळां ध्वनीचें माप घेते. त्यामुळें २२,००० कंपनांपर्यंतचें सर्व कांहीं तींत मावतें. याहून बारीक मापाचीं ध्वनिमुद्रणें ऐकूं येण्यासारखीं निराळीं असतात काय, हें मेयर व मोरन या दोघांनीं तपासून २००७ सालीं प्रसिद्ध केलें. ५५४ वेळां विचारलें, २७६ वेळां उत्तर बरोबर आलें; म्हणजे बरोबर निम्म्यास दोन कमी नव्हे, एक कमी. पुढें २०१६ सालीं लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठांतील जोशुआ रीस यांनीं अशा अठरा प्रयोगांचे आंकडे एकत्र केले, तेव्हां बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ५२.३ भरलें, शिकवून तयार केलेल्या कानांचें कांहींसें अधिक. तेव्हां फरक मुळींच नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. पण शंभरांत पन्नास ऐवजीं बावन्न वेळां ओळखूं येणाऱ्या फरकासाठीं साठ हजार द्यावे काय, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

पुतण्यास हें सर्व वाचून दाखविलें. तो म्हणाला, “काका, तीं माणसें निराळीं. मला फरक कळतो.” हें उत्तर मला आवडलें. कानानें ऐकणाऱ्यानें आंकड्यांवर का विश्वास ठेवावा? म्हणून प्रयोग घरींच केला. दुकानदार सभ्य गृहस्थ होते. त्यांनीं तो दीड लाखाचा ॲम्प्लिफायर दोन दिवस घरीं नेऊं दिला. आमच्याकडे बारा वर्षांपूर्वीं नऊ हजारांस घेतलेला एक होता. स्पीकर तेच, तारा त्याच. मध्यें एक खटका. दोहोंचा आवाज मीं व्होल्टमापकानें सारखा करून घेतला. ही खबरदारी अत्यंत महत्त्वाची आहे. कारण आवाज एवढासा जरी मोठा असला तरी कानास तो ‘मोठा’ वाटत नाहीं, ‘स्वच्छ’ वाटतो, आणि दुकानांतले निम्मे चमत्कार याच एका गोष्टीवर चालतात. पलंगपोसाचा पडदा बांधला. पडद्यामागें माझी नात नाणें उडवून खटका दाबीत होती, व मी वहींत लिहीत होतों.

सोळा वेळांत त्याचीं नऊ उत्तरें बरोबर आलीं. तो म्हणाला, “अजून एकदां.” दुसऱ्या सोळांत सहा आलीं. बत्तीसांत पंधरा. नातीनें पडद्याआडून विचारलें, “काकाला बक्षीस कितव्याचें?” आणि त्या दिवशीं तो जेवतांना फारसा बोलला नाहीं.

या प्रसंगीं मला त्याची कींव आली असें नव्हे, माझीच आली. कारण पडदा बांधण्यापूर्वीं, उघड्या डोळ्यांनीं, मलाहि नव्या यंत्रांत बागेश्रीचा कोमल गंधार अधिक भरीव लागलासा वाटला होता. जाड ॲल्युमिनियमचा तो दर्शनी पत्रा, तो जड, रेशमासारखा फिरणारा गोल, हे सर्व कानांत शिरतात. फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह या दोघां संशोधकांनीं १९९४ सालीं हेंच दाखविलें: तेच स्पीकर, तेच श्रोते, परंतु डोळ्यांस दिसूं लागतांच गुण बदलले, आणि लहान व स्वस्त दिसणाऱ्या संचाचे घसरले. श्रोतेहि कोणी नवखे नव्हते, स्पीकर बनविणाऱ्या कंपनींतलेच होते.

येथें आमच्या धाकट्या सूनबाईंनीं एक हरकत घेतली, ती नोंदविली पाहिजे. त्या म्हणाल्या, “हौसेला मोल नसतें म्हणतां ना? मग मी पैठणी घेतली तेव्हां तुम्ही पडदा बांधला नव्हतात.” हरकत बिनतोड आहे. सुरेख वस्तु घरांत असावी, तिच्यावरून हात फिरवावा, तिचा अभिमान धरावा, यांत कांहीं पाप नाहीं. माझें उत्तर एवढेंच कीं, पैठणी विकणारा ती सुंदर आहे म्हणून विकतो. ती साध्या लुगड्याहून अधिक ऊब देते असें सांगून विकत नाहीं. ॲम्प्लिफायरवाल्यानें आपला पत्रा सुंदर आहे म्हणून सांगितलें तर मी हौशीनें ऐकेन. तो ऊब सांगतो, तेथें माझी तक्रार आहे.

आतां स्पीकर. येथें मात्र पैशानें खरोखरच कांहीं तरी मिळतें. डोळे बांधलेल्या माणसासहि हा भेद कळतो. स्पीकरला हवा हलवावयाची असते, आणि तें काम यांत्रिक आहे, अवघड आहे. काळी दोन पट्टींत लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदास सुमारें ७८ कंपनें देते. वीतभर उंचीच्या पेटींतला लहानसा पडदा तितकी खोल लहर जेमतेमच उठवितो. गंमत अशी कीं आपला मेंदु वरच्या स्वरांवरून तो खर्ज स्वतःच जुळवून घेतो. टेलिफोनांतून तीनशे कंपनांखालचें कांहीं येत नसे, तरी पुरुषाचा आवाज पुरुषाचाच ओळखूं येई, तो यामुळेंच. परंतु जुळवून घेतलेला खर्ज आणि छातीस जाणवणारा खर्ज यांत फरक आहे. मात्र तो एका मर्यादेपर्यंतच किंमतीबरोबर वाढतो. चार दुकानें हिंडून, सोबत नेलेली एकच ओळखीची तबकडी सर्वत्र लावून, पुतण्यानें स्वतःच जी जोडी निवडली ती पंचावन्न हजारांची निघाली.

ती घरीं आणून लावली मात्र, आणि डग्गा असा घुमूं लागला कीं शेजारच्यांनीं लग्न आहे काय म्हणून विचारलें.

नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण आपण थट्टेनें वापरतों. ध्वनीच्या बाबतींत अंगण खरोखरच वांकडें असतें. १८९५ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत फॉग कलासंग्रहालयाचें नवें व्याख्यानगृह तयार झालें, आणि त्यांत वक्त्याचें बोलणें कोणासहि समजेना. बोललेला शब्द साडेपांच सेकंद घुमत राही. तोंवर पुढचे दहा-बारा शब्द त्यावर येऊन पडत. वॉलेस सॅबिन नांवाच्या तरुण अध्यापकाकडे हें काम सोंपविलें. त्यानें काय करावें? शेजारच्या सँडर्स नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या रात्रीं उचलून आणाव्या, त्या व्याख्यानगृहांत मांडाव्या, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करावी, आणि आवाज कानास ऐकूं येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजावा. मग आणखी गाद्या. सकाळपूर्वीं सर्व गाद्या परत जागेवर. अशा अनेक रात्री घालविल्यावर त्यास नियम सांपडला: घुमण्याचा वेळ खोलीच्या आकारमानाबरोबर वाढतो व ध्वनि शोषणाऱ्या पृष्ठांबरोबर कमी होतो. १९०० सालीं उघडलेलें बोस्टनचें सिंफनी हॉल याच नियमानें बांधलें गेलें, आणि तें आजहि जगांतील उत्तम संगीतगृहांत गणलें जातें. म्हणजे खोल्यांचें ध्वनिशास्त्र जन्मास आलें तें उसन्या गाद्यांवर. आमच्या आजीस हें कळतें तर तिनें आपल्या गोधड्यांचा ढीग अभिमानानें दाखविला असता.

आमची बैठकीची खोली चौदा फूट लांब, बारा फूट रुंद. पूर्वीं तींत शहाबादी फरशीवर जाजम असे, भिंतीशीं तक्के व लोड असत, पुस्तकांचीं उघडीं कपाटें होतीं. दहा वर्षांपूर्वीं आम्हीं ती ‘सुधारली’: चकचकीत लाद्या, कांचेची मोठी खिडकी, भिंती मोकळ्या. मध्यभागीं उभें राहून टाळी वाजविली कीं तार छेडावी तसा झणकार उठे. समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंती टाळीस चेंडूप्रमाणें झेलीत असत. शिवाय स्पीकर कोपऱ्यांत ठेवलेले. कोपरा हा खर्जाचा भोंगा असतो. आणि खोलीच्या लांबी-रुंदीच्या हिशेबानें चाळीस, सत्तेचाळीस, ऐंशी अशा कांहीं ठराविक कंपनांस ती खोली आपण होऊन साथ देते. डग्ग्याचा घुमारा नेमका तेथें सांपडतो.

इलाजास पैसे फारसे लागले नाहींत. स्पीकर कोपऱ्यांतून काढून भिंतीपासून अडीच फूट पुढें घेतले व बसल्यावर कानांच्या उंचीस येतील असे ठेवले. माळ्यावरचें जाजम खालीं आलें. लाकडाच्या वखारींतून फळ्या आणून मागच्या भिंतीस पुस्तकांचें मोठें उघडें कपाट केलें. लहानमोठीं पुस्तकें वेडींवांकडीं लावलीं तर अधिक चांगलें, ही एकच गोष्ट आमच्या घरांतल्या टापटिपीच्या मंडळींस पटविणें कठीण गेलें. खिडकीस जाड पडदा. एकंदर खर्च अकरा हजारांच्या आंत. टाळीचा झणकार गेला. पुतण्यानें तबकडी लावली, आणि पहिल्या मिनिटांतच तो माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, आतां पडदा बांधायची जरूर नाहीं.” तबल्याच्या चाटीचा टणत्कार पुढें, तंबोरा मागें पसरलेला, गवई मधोमध, दोन पेट्या कोठें आहेत हें डोळे मिटल्यावर सांगतां येईना.

मग कॅसेट लावली. १९८६, कोजागिरी.

सर्वजण जमले होते. वहिनींस पुढें बसविलें. बागेश्रीचा आलाप सुरू झाला. स्पीकर चांगले, खोली चांगली. आणि तरीहि आम्हां सर्वांच्या मनांत एकच अस्वस्थता होती, जी कोणी बोलून दाखवीत नव्हतें. बंधूंचा म्हणून जो स्वर आम्हीं मनांत जपला होता तो हा नव्हता. स्मृतीच फसवी, असें मीं मनाशीं म्हटलें. तोंच वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, हा ह्यांचा आवाज नव्हे. हें कोणी तरी दमलेलें माणूस गातंय.”

दमलेलें! हा शब्द ऐकून माझ्या डोक्यांत प्रकाश पडला. माळ्यावरून बंधूंची बाजाची पेटी उतरविली. कॅसेटींत तीच पेटी साथीला होती, आणि बंधु गात ते नेहमीं काळी दोनमध्यें. पेटीवर काळी दोन दाबली. कॅसेटींतला षड्ज तिच्याशीं जुळेना. पांढरी दोनशीं तंतोतंत जुळला. म्हणजे अर्धा स्वर खालीं. अर्धा स्वर उतरणें म्हणजे फीत शेंकडा सहांनीं हळू चालणें. हळू चालते म्हणून लय सुस्त, लय सुस्त म्हणून गाणारा दमलेला. कॅसेट वाजविणाऱ्या यंत्राचा रबरी पट्टा तीस वर्षांत सैल पडला होता. दुरुस्ती करणाऱ्या एका वृद्ध कारागिरानें नवा पट्टा घातला, फीत घांसून जाते तो तुकडा स्पिरिटनें पुसला, व त्याचा किंचित् कललेला कोन सरळ केला. हा कोन बिघडला कीं वरचे स्वर पुसट होतात. मजुरीसह आठशें पन्नास रुपये. चार लाखांच्या यादींतील कोणतीहि पेटी हा अर्धा स्वर भरून काढूं शकली नसती. तिनें तो उतरलेला स्वर अत्यंत निष्ठेनें ऐकविला असता.

अकराहि कॅसेटी आतां संगणकांत उतरवून तीन ठिकाणीं जपल्या आहेत. साध्या कॅसेटींत बारा-तेरा हजारांवरचीं कंपनें उरत नाहींत, तेव्हां सीडीचें माप त्यास पुरून उरतें. ज्यांच्या घरीं अशा फिती असतील त्यांनीं स्पीकरांच्या आधीं हें काम करावें. फीत थांबत नाहीं.

पण मूळ गोष्ट राहिलीच. त्या संध्याकाळीं मीं वहिनींस विचारलें, “चीज कोणती होती, आठवते का?” त्यांनीं सूर ओळखला होता, लय ओळखली होती, शब्द सांगतां येईनात. त्या म्हणाल्या, “ह्यांचे शब्द पहिल्यापासून पुसटच. आणि आतां तुम्ही सगळेच पुटपुटतां.” बंधूंचे शब्द कधींच पुसट नव्हते. मग एकेक गोष्ट आठवूं लागली: रविवारच्या बैठकींत त्यांचें मान खालीं घालून वाती वळणें, फोन दुसऱ्याच्या हातीं देणें, नातवंडांच्या प्रश्नास नुसतें हंसणें.

वयाबरोबर कान वरून खालीं असा विझत जातो. नातीनें मोबाईलवर चाचणी लावून पाहिली होती. तिला अठरा हजारांपर्यंत ऐकूं येतें, पुतण्यास चौदा, मला आठ. यामुळें गाण्याचा षड्ज बहुतेक शेवटपर्यंत शाबूत राहतो. परंतु स, श, च, त हीं व्यंजनें वरच्या कंपनांवर जगतात, तीं आधीं जातात. माणसास ऐकूं येतें, पण समजत नाहीं. आणि ऐकूं येत असल्यामुळें आपण बहिरे आहों असें त्यास वाटतहि नाहीं, लोक पुटपुटतात असें वाटतें. कानाच्या डॉक्टरांनीं आलेख काढला, तो अगदीं असाच निघाला: डावीकडे ठीक, उजवीकडे उतरत्या पायऱ्या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेला आयोग २०१७ सालापासून सांगत आला आहे कीं, उतारवयांतील स्मृतिभ्रंशाच्या टाळतां येण्याजोग्या कारणांत ऐकूं न येणें हें एक मोठें कारण आहे. हें वाचल्यावर मला पुतण्याच्या यादीचा नव्हे, आमचाच राग आला. घरांतली वीज शुद्ध करावयास निघालेल्या आम्हां सात मोठ्या माणसांपैकीं एकालाहि सहा वर्षांत ही गोष्ट दिसली नव्हती.

दोन्ही कानांचीं यंत्रें एक लाख बारा हजारांस पडलीं. वहिनी नको नको म्हणत होत्या; “म्हातारपणीं हा कसला दागिना?” असें म्हणून त्यांनीं पहिले पंधरा दिवस तीं डबींत ठेवलीं. अशा यंत्रांची संवय व्हावयास कांहीं आठवडे लागतात, आणि भांड्यांचा खणखणाट प्रथम असह्य होतो, हें डॉक्टरांनीं आधीं सांगितलें होतें म्हणून बरें. हळूहळू बसलीं.

रविवारीं निकाल वाचून दाखविला. स्पीकर ५५,०००, खोली १०,८००, पट्टा ८५०, तार ६००, वहिनींचे कान १,१२,०००. एकूण एक लाख एकूणऐंशी हजार दोनशें पन्नास. कानांचा खर्च एकत्र खात्यांतून व्हावा असें मीं सुचविलें. पुतण्यानें ऐकलें नाहीं. दीड लाखाचा ॲम्प्लिफायर दुकानांत परत गेला.

परवां रात्रीं पुन्हां तीच कॅसेट लावली होती. बागेश्रीच्या मध्यें, द्रुत सुरू होण्यापूर्वीं, बंधु तंबोरा जुळवून घेण्यासाठीं थांबतात. मागें पेल्यांचा आवाज, कोणी तरी खोकतें, आणि एक तरुण बाईचा स्वर विचारतो, “दुधाला साखर बेताची झाली ना?” आम्हीं ती फीत कितीदां तरी ऐकली असेल, तेथें लक्ष कधीं गेलें नव्हतें. वहिनींनीं हात वर करून पुतण्यास थांबविलें.

“मागें घे रे जरा,” त्या म्हणाल्या. “मी विचारलं होतं. ह्यांनीं काय उत्तर दिलं तें ऐकायचंय.”

त्यानें फीत तीनदां मागें घेतली. उत्तर तंबोऱ्याच्या आवाजांत बुडालेलें आहे. ‘झाली’ किंवा ‘चाललं’, दोहोंपैकीं एक. पुतण्याचें म्हणणें असें कीं, चांगली रूपांतराची पेटी असती तर तें कळलें असतें. दिवाळीच्या रविवारीं तो हा विषय पुन्हां काढणार आहे.